घरच्या माणसाची फाईल

प्रिय ताई,

तुझं भाषण मिळालं. चार पानं, डावीकडे समास सोडून, शाळेतल्या निबंधासारखी. वर तुझी चिठ्ठी, की शुद्धलेखन बघ, कुठे काही चुकीचं लिहिलं असेल तर लाल पेनानं सुधार आणि रविवारच्या आत परत पाठव. पाच दिवस झाले, पानं माझ्या टेबलावर पडून आहेत. शुद्धलेखनाच्या तीन चुका होत्या, त्या पहिल्याच दिवशी सुधारल्या. पण दुसऱ्या पानावर तू लिहिलं आहेस की मी माझ्या हातानं माझ्या नवऱ्याचं पथ्य मोडलं आणि दोन दिवसांत त्यांना गमावून बसले. हे तू रविवारी माझ्याच आरोग्य मेळाव्यात, चारशे माणसांसमोर, माईकवर म्हणणार आहेस. त्या ओळीखाली मी पेन टेकवलं आणि हात पुढे सरकेना. म्हणून हे पत्र लिहायला बसलो. फोन केला असता, पण फोनवर मी खोटं फार छान बोलतो. तुला ते माहीत नाही, मला आहे.

आधी जरा इकडचं सांगतो, म्हणजे मलाही धीर येईल. दवाखाना जोरात चाललाय. बाहेरच्या खोलीत आणखी सहा खुर्च्या टाकल्या, तरी माणसं जिन्यात उभी असतात. गावभर माझं नाव आता कोंडा डॉक्टर पडलंय. परवा एका लग्नात मी जेवायच्या रांगेत शिरलो, तर माझ्या तीन पेशंटांनी ताटं पाठीमागे लपवली आणि एका बाईंनी न विचारताच सांगितलं की हे मटण माझं नाही, यांचं आहे. माझा तो हिरवा कागद तर तुला तोंडपाठ आहे. आठवड्याला तीस प्रकारच्या भाज्या, फळं, डाळी, बिया, फळं सालासकट, रोज दोन चमचे कोंडा, मांस बंद, मैदा बंद, आणि या शेवटच्या दोन ओळी ठळक अक्षरांत. रिसेप्शनवरची मुलगी दर सोमवारी त्याच्या दोनशे प्रती काढते. कागद खोटा नाही, ताई. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर मला वाचवायला तू नेमका तोच मुद्दा काढशील. त्या कागदानं शेकडो माणसांची पोटं सुधारली आहेत आणि उद्या सकाळीही तो मी नव्या पेशंटला देणारच आहे. फक्त देण्याआधी त्याला टेबलावर झोपवून पोट दाबून बघेन, आणि आधी कधी पोटाचं ऑपरेशन झालंय का, हे विचारीन. ते फाईलच्या पहिल्याच पानावर छापलेलं आहे. अनोळखी माणसाला मी ते विचारल्याशिवाय सोडत नाही.

भावोजींना तो कागद मी कुठे दिला, आठवतं तुला? तुझ्या जेवणाच्या टेबलावर. तू आत पाणी आणायला गेली होतीस. त्यांनी जरा लाजतच विचारलं की हल्ली पोट साफ होत नाही, काय करावं. मी खिशातून घडी काढली, त्यांच्या ताटाशेजारी ठेवली आणि म्हटलं की हे करा, महिन्यात घोड्यासारखे पळाल. झाली तपासणी. घरच्या माणसाची फाईल नसते ना. घरच्या माणसाला आपण उभ्या उभ्या औषध सांगतो, हातातला घास न ठेवता. आणि त्यांच्या पोटावर बेंबीपासून खाली केवढा लांब व्रण होता, हे मला माहीत नव्हतं असंही नाही. ऐन पंचविशीत अपेंडिक्स फुटून मरता मरता वाचले होते ते. तळ्यावर पोहायला गेलो की आपण दोघं त्यावरून त्यांना चिडवायचो, लिफ्टचा दरवाजा म्हणायचो. अशा ऑपरेशननंतर आतड्याचे वेढे कधी कधी एकमेकांना चिकटतात, मधेच नळी अरुंद होते. त्या माणसाला कोंडा, साली आणि चोथा जपून द्यायचा असतो. हे मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या पोरालाही कळतं.

आणि कागद गेला कुणाच्या हातात, तर भावोजींच्या. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. त्यांचं म्हणणंच होतं की जगातला प्रत्येक अपघात कागदावर लिहिलेलं न केल्यानं होतो. दुसरा कुणी असता तर चार दिवस कोंडा खाऊन कंटाळला असता, गुपचूप बिस्किटं खाल्ली असती आणि आज जिवंत असता. भावोजींनी चौकटीची वही घातली. तारीख, भाजी, किती चमचे, किती पेले पाणी. संत्र्याच्या फोडीवरचे पांढरे धागेसुद्धा ते सोडत नव्हते, तूच हसत हसत मला सांगितलं होतंस. मला तेव्हा त्यांचा अभिमान वाटला होता. अजून शंभर असे पेशंट मिळाले तर मी जग बदलीन, असं मी तुला म्हटलं होतं.

आता तुला माहीत नसलेलं सांगतो. त्यांनी मला दोनदा फोन केला होता. तुला त्रास नको म्हणून कामावरून केला. पहिला दुसऱ्या आठवड्यात. पोट नगाऱ्यासारखं होतं, संध्याकाळी कळ येते, जाते, परत येते, असं म्हणाले. मी म्हटलं, सुरुवातीला गॅस होणारच, पोटाला सवय नाही, कोंडा दोनाचे तीन चमचे करा. दुसरा फोन तिसऱ्या आठवड्यात, संध्याकाळी सहाच्या सुमारास. मी एका सभागृहाच्या मागच्या खोलीत होतो, कुणीतरी माझ्या कोटाला माईक लावत होतं. भावोजी म्हणाले, दुपारी उलटी झाली, कालपासून वाराही सरकला नाही. ताई, कळ येऊन जाणं, उलटी आणि वारा न सरकणं, या तीन गोष्टी एकत्र ऐकल्या की डॉक्टरनं हातातलं काम टाकून पळायचं असतं. मी म्हटलं, पाणी वाढवा, कागद सोडू नका, परवा येऊन बघतो. ते म्हणाले, तुझ्या कार्यक्रमाच्या वेळेला फोन केला, चुकलंच माझं. मग मी स्टेजवर गेलो आणि पोटाचं म्हणणं कसं ऐकावं यावर चाळीस मिनिटं बोललो. टाळ्या भरपूर पडल्या.

त्याच संध्याकाळी तू त्यांचं उतरलेलं तोंड बघितलंस आणि तुला राहवलं नाही. कोंबडीचं पातळ सूप केलंस, पांढरा पाव त्यात भिजवून भरवलास. मांसही आणि मैदाही, ठळक अक्षरांतले दोन्ही गुन्हे एका वाडग्यात. आणि पहाटे ते न्हाणीघराच्या दारात पडले.

ते येतात, ताई. भूतबीत म्हणत नाही मी, तुला हसू येईल. दुपारी तीनला दवाखाना उघडतो तेव्हा दाराजवळच्या तिसऱ्या खुर्चीत बसलेले असतात, दोन पायांमध्ये हत्यारांची पिशवी, खिशात चार घड्या घातलेला हिरवा कागद.  रागावलेले नसतात, नंबर यायची वाट बघणाऱ्या माणसाचा चेहरा असतो त्यांचा. दोन महिन्यांपूर्वी ती खुर्ची मी माळ्यावर टाकली, तर ते भिंतीला टेकून उभे राहायला लागले. आतडं अडलं की पोटातून एक बारीक आवाज येतो, पत्र्यावर पाण्याचा थेंब पडावा तसा. त्या सकाळी इस्पितळात मी पहिल्यांदा त्यांच्या पोटाला स्टेथोस्कोप लावला, तेव्हा तो ऐकला. आता धडधाकट माणसाच्या पोटावर नळी ठेवली तरी मला तोच ऐकू येतो. मग मी परत ऐकतो, मग परत. पेशंट घाबरतात, विचारतात काही गंभीर आहे का. रिसेप्शनवरच्या मुलीला वाटतं, डॉक्टरांचा कान गेला.

ऑपरेशन माझ्याच वर्गमित्रानं केलं. बाहेर आला आणि मला बाजूला घेऊन स्टीलचं ताट दाखवलं. आतड्याच्या अरुंद जागी बसलेला बोळा होता, मुठीएवढा. कोंडा, डाळींची सालं, संत्र्याचे धागे, सगळं घट्ट वळलेलं. मागचं आतडं काळं पडलं होतं. तो माझ्याकडे बघून म्हणाला की इस्पितळाच्या कागदावर मी फक्त जुन्या ऑपरेशनची चिकटण लिहितो. मैत्रीखातर. मी नको म्हटलं नाही. तिथून वळलो तर बाकड्यावर तू. तू विचारलंस, माझ्या सुपानं झालं का रे हे? मी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, आता तो विचार करू नकोस. तुला त्यातून हो ऐकू आलं. तुझा चेहरा बदलताना मी बघितला, आणि गप्प राहिलो. दोन दिवसांनी ते गेले तेव्हा सांगता आलं असतं. तेराव्याला सांगता आलं असतं. नंतर दर महिन्याला वाटत गेलं की आता उशीर झाला.

याहून वाईटही आहे. पुढच्या वर्षी एका भाषणात माझ्या तोंडून निघून गेलं की माझ्या अगदी जवळच्या घरात एकच दिवस पथ्य मोडलं आणि माणूस गेला. सभागृह चिडीचूप झालं. ते चिडीचूप मला आवडलं, ताई. लोक पुढच्या कार्यक्रमाला तो किस्सा मागायला लागले आणि मी सांगत गेलो, निदान वीसदा तरी. एकदा तू पहिल्या रांगेत पदर तोंडाला लावून बसली होतीस, तरी थांबलो नाही. तू स्टेजवर यायला तयार झालीस ती माझंच वाक्य ऐकून ऐकून. चार वर्षं तू त्या कागदावर जगते आहेस, तराजू घेऊन जेवतेस. लेक माहेरपणाला आली तर तिच्या हातातला पाव काढून घेतलास, ती रडत मला फोन करत होती. मी तिला म्हटलं, आई दुःखात आहे, समजून घे.

रविवारी दुसरं पान तू वाचायचं नाहीस. माईकसमोर मी उभा राहीन आणि हे सगळं माझ्या नावानं सांगेन, वर्गमित्राला तसं कळवलंय. पुढे दवाखाना राहील न राहील. पण तेवढ्यासाठी हे पत्र लिहिलेलं नाही, ते रविवारी तुला कळलंच असतं. एक निरोप चार वर्षं माझ्याकडे पडून आहे. भावोजींना ऑपरेशनला आत नेत होते, मी स्ट्रेचरच्या बाजूनं चालत होतो. त्यांनी माझं मनगट धरलं. त्यांना वाटलं मी पथ्यावरून तुला बोलेन. म्हणाले, तिला रागावू नकोस, तीन आठवड्यांत काल रात्री पहिल्यांदा पोटाला बरं वाटलं, दोन तास शांत झोपलो. डॉक्टर म्हणून सांगतो, ते खरं आहे. त्या अडलेल्या पोटाला तीन आठवड्यांत मिळालेला तेवढाच सोसेल असा घास होता, आणि तो तू दिलास. मग दार उघडलं, त्यांनी माझा हात सोडला आणि म्हणाले, तिला सांग, सूप फार छान झालं होतं.

कसाही असलो तरी तुझाच,
बारक्या