सातच्या कमरेला करदोडा

मार्गशीर्ष वद्य पंचमी, फसली १३४६
सुपारी फुटली न्हाई, साखरपुडा न्हाई, न् त्या माणसानं माझ्या नातीला अभ्यास लावलाय. बघायला आले तवा पोहे दोनदा मागून खाल्ले, पोरीला मात्र एक सवाल केला न्हाई. मला तवाच शंका आल्ती. आता हैद्राबादेहून टपालानं वही, धडे लिहून परत धाडायची, तो तपासणार. फ्रान्सची भाषा. तो दोन वर्सं तिकडं शिकून आला, पुन्हा जायचाय, बायकोला बोलता आलं पाहिजे म्हणे. बायको कोण? अजून कुणीच न्हाई.
दत्तू कचेरीतून आला की एकच, "आई, असं स्थळ जालन्यात कुणाच्या दारी आलंय?" माझ्या लेकाला जावई दिसतो, मला त्याच्या मागची सावली.

वद्य नवमी
कुसुम सकाळपासून घोकून राह्यली. मी वाकळ शिवत समोर. सहा चिंचोके मांडले: मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. एक म्हटलं की एक चिंचोका माझ्याकडं सरकवायचा. 'बोलणं' घेतलं. पार्ल, पार्ल, पार्ल, पार्लियों, पार्लिये, पार्ल.
"चौघांला एकच? मला फसवून राह्यली का?"
"लिहिताना निराळं असतं, आजी. शेवटची अक्षरं बोलत न्हाईत."
लिहायचं एक, बोलायचं एक. असल्या भाषेत सोयरीक.

अमावास्या
कुसुमनं त्या पार्ल-पार्लियोंची रीत सांगितली. 'ते'चं रोजचं रूप घ्यायचं, त्याची शेपटी कापायची, उरल्या धडाला नव्या शेपट्या लावायच्या. बोलणं, संपवणं, वाट पाहणं: तीन घराणी, शेपट्या सगळ्यांला त्याच. मधल्याच्या पोटात तेवढा एक 'स्स' जास्त. हे बराबर वाटलं. वाकळेतबी धडपी निराळी, टाका एक.
पण हे रूप एकटं उभं राहत न्हाई म्हणे. पुढं 'पाहिजे' लागतं, न्हाई तर भीती, न्हाई तर संशय.
"संशय असला की हेच?"
"हो."
"मंग मलाबी शिकव. मला रोज लागंल."
ती हसली. मी हसले न्हाई.

पौष शुद्ध द्वितीया, संक्रांत
तिळगूळ वाटून झाला. वही तिसऱ्यांदा परत आली, चुका लाल शाईत. संगं त्याचं दत्तूला पत्र. दोन्ही मांडीवर घेऊन बसले. ती लिपी मला येत न्हाई, आकडे तेवढे रेल्वेच्या तिकिटावरून ओळखते. पण वाकळेवर सहा बाया बसल्या तरी कोणता टाका कुणाचा, हे मी डोळे मिटून बोटानं सांगते. पत्राच्या इंग्रजी तारखेतला सात नुसती काठी. वहीतल्या लाल सातच्या कमरेला करदोडा, आडवी रेघ. त्याचा टाक कागद खरवडतो. लाल शाई कुठंच दाबत न्हाई.
हे दोन हात आहेत.
दत्तू: "मास्तर ठेवला असंल."
मास्तर ठेवला तर लपवायला काय झालं?

शुद्ध दशमी
दवाखान्यातल्या नर्सबाई पाँडेचरीकडच्या, तिथं राज्य फ्रान्सचं. कु.चे उच्चार त्याच सुधारतात. डोळ्यात औषध घालायचं निमित्त केलं, पदराखाली वही.
"बाई, असा सात कोण काढतं?"
त्यांनी चष्मा लावला. "फ्रान्सच्या शाळेत शिकलेलं माणूस. हात बाईचा वाटतो. पण मी शपथ घेणार नाही."
शपथ कोण मागून राह्यलं? औषध मात्र झोंबलं.

वद्य तृतीया
कु.ला सांगितलं. वाटलं, रडंल. चिंचोके गोळा करत म्हणली, "मला दुसऱ्याच खेपेला कळलं, आजी."
"मंग तोंड का उघडलं न्हाई?"
"उघडलं असतं तर वही बंद झाली असती."
मी समजत होते, पोरगी त्याच्यासाठी घोकते. बरोबर आलं की लाल शाई बाजूला बारीक टिंब देते, ती टिंबं कु. मोजून ठेवते. म्हणते, इतकं मन लावून मला कुणी शिकवलं न्हाई.
"न् ती त्याची बायको निघाली तर?"
एक चिंचोका मुठीत. मंग म्हणली, "तर मला कळायला पाहिजे."
'पाहिजे' बराबर जागी घेतलं.

माघ शुद्ध प्रतिपदा
पौष सरला. दत्तू पंचमीला सुपारी फोडायची म्हणतो. मी अडकित्ता पेटीत घातला, किल्ली कमरेला. "तुझ्या एका आकड्यापायी पोरीचं नशीब..." पुढं काय म्हणला, ऐकलं न्हाई. सून चुलीपाशी होती, तिनं पहिल्यांदाच माझ्याकडं बघून मान डोलावली.
आज वही परत जाते. शेवटच्या पानावर कु.नं माझ्या सांगण्यावरून त्या भाषेत लिहिलं: तुम्ही बोललं पाहिजे, न्हाई तर आम्ही वाट पाहणं संपवलं पाहिजे. चिंचोक्यांवर दोनदा तपासलं. पाचवा 'तुम्ही', मंग चौथा 'आम्ही'. चूक न्हाई. 'आम्ही'पाशी मात्र कु.ची शाई सांडली. पुसू दिली न्हाई.
त्याखाली मी माझ्या अक्षरात, मराठीत, त्याला:
वही आहे तशी तिच्या हातात द्यावी. उत्तर तुम्ही लिहू नये, तुमच्या वडलांनी लिहू नये, मास्तरचं नाव पुढं करू नये. जिचा सात करदोडा बांधतो, तिनंच लिहावं. कुसुमला.