‘मुलगी क’ हिचे अखेरचे म्हणणे

मी, टेलिफोन एक्सचेंजमधून निवृत्त झालेली ऑपरेटर, विधवा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातलेला नाही. भीती मात्र वाटते, आणि खालची बरीचशी कलमे तिच्यातूनच निघाली आहेत.

१. राहते घर मुलगा व सूनबाई यांच्या समाईक मालकीचे होईल. कागदावर सूनबाईचे नाव आधी लिहावे. बँकेतली ठेव नातीच्या शिक्षणासाठी. शिलाई मशीन शेजारणीला द्यावे. नणंदेला देऊ नये. तिने एकदा नेले होते, ते मोडून परत आले आणि वर मशीनच जुने म्हणून नाक मुरडले.

२. माझी आत्या बालमानसशास्त्राची प्राध्यापक होती. तिच्यामागे तिच्या संशोधनाचे सर्व हक्क आणि ध्वनिफितींच्या पेट्या माझ्याकडे आल्या. तिचे नाव झाले ते एका शोधनिबंधामुळे, शाळेत तोंड न उघडणाऱ्या ‘मुलगी क’वरच्या. शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजांत तो अजून शिकवतात. त्याचे दाखले हजारो लेखांत दिलेले आहेत आणि दर वर्षी वाढतात, असे तिच्या विभागाचे हल्लीचे प्रमुख मला कौतुकाने सांगतात. निष्कर्ष असा, की असे मौन आईच्या अतिकाळजीतून येते, सहसा सुटत नाही आणि पुढच्या पिढ्यांतही उतरू शकते.

ती मुलगी क म्हणजे मी.

३. खरे असे, की माझे वडील घर सोडून गेले होते. शाळेत हे कोणाला कळता कामा नये, असे आईने बजावले होते. चुकून तोंडातून निघेल या धास्तीने मी बोलणेच बंद केले. आत्याला हे ठाऊक होते, भाऊ तिचाच. तिने घराण्याची अब्रू झाकली आणि खापर आईवर फोडले. आईने तो निबंध कोणाकडून तरी वाचून घेतला. त्यानंतर मला पांघरूण घालतानासुद्धा ती विचारायची, “हे जास्त होत नाही ना गं?”

पुढे मला एक्सचेंजमध्ये दिवसभर बोलण्याचीच नोकरी लागली. मी धावत आत्याकडे गेले. तिचा चेहरा उतरला. “विभागात कुणाला सांगू नकोस,” एवढेच ती म्हणाली. एवढी मोठी बाई मला घाबरली, हे पाहून मीच हादरले. तेव्हापासून कोणी शिक्षक भेटला की मला धडकी भरते, हा ओळखेल.

४. यंदा नात शाळेत बोलेनाशी झाली. समुपदेशक बाईंनी सूनबाईला बोलावून तोच निबंध पुढे ठेवला. सूनबाई घरी आली ती चपलाही न काढता स्वयंपाकघरात उभी राहिली. “आई, माझ्यामुळे झालंय का हे?” तिचा काही दोष नव्हता; हे माझ्याकडूनच उतरले, असे मला वाटले. त्या दिवशी तिला मी कोण ते सांगितले.

समुपदेशक बाई विभागप्रमुखांच्या विद्यार्थिनी. त्यांच्याकडून नातीचे कळताच त्याच आठवड्यात ते घरी आले. क कोण ते आपल्याला फार पूर्वीपासून माहीत आहे, असे हसत म्हणाले. त्यांना फिती हव्या होत्या, आणि नातही. तीन पिढ्यांचा अभ्यास जगात कुठे नाही म्हणे. बोलताना ते सारखे तिच्याकडे बघत होते, आणि ती माझ्या पदराआड सरकत होती.

५. नातीला शाळेतून मीच आणते. वाटेत एकदा तिला सांगितले, की लहानपणी मी का बोलत नव्हते. ती थबकली. मग हळूच म्हणाली, “आजी, तू मरणार आहेस ते तुला सांगायचं नाहीये.”

पोटातली गाठ साधी आहे, असे मला घरात सांगितले होते. पोरीने मोठ्यांचे बोलणे ऐकले होते आणि तिलाही गप्प राहायला बजावले होते. वर्गात बोलताना तोंडातून निघाले तर बाई फाटकापाशी आजीला सांगतील, म्हणून तिने तोंडच मिटले. मी रस्त्याच्या कडेला, होते तिथेच खाली बसले. “बरं झालं सांगितलंस,” म्हणाले. “आता काही लपवायला नको.” दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मान खाली घालून होकार दिला. मुलाला व सूनबाईला मी दोष देत नाही. माझ्यावरच्या मायेनेच त्यांनी ते केले.

६. म्हणून माझा आदेश असा. नातीवर कोणीही अभ्यास करू नये. ती सज्ञान झाल्यावर काय ते तिचे तिने ठरवावे. फिती विभागाला देऊ नयेत. त्यांत आईचा आवाज आहे. तो ऐकायचा धीर मला कधी झाला नाही, मुलाने ऐकावा. निबंध पुन्हा छापायचा असल्यास वरचे कलम तीन शब्दशः सोबत छापावे, नाहीतर परवानगी नाही. हे पाळले जाईल की नाही, याची मला खात्री नाही.

७. काल शाळेतून फोन आला. नातीने वर्गात उभे राहून सांगितले होते, “माझी आजी मरणार आहे.” बाई घाबरून गेल्या होत्या. मुलांना आता काय सांगू, असे विचारत होत्या. ती आणखी काय म्हणाली, मी विचारले.

“तिला फार भीती वाटते म्हणाली.”

“तिला सांगा,” मी म्हणाले, “आजीलाही वाटते. घरी आली की दोघी मिळून बोलू.”

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझाच आहे. खालील दोघांच्या समक्ष सही केली. आम्ही तिघांनीही एकमेकांना सही करताना पाहिले.

सही : (टेलिफोन ऑपरेटर, निवृत्त)

साक्षीदार : १. एक्सचेंजमधली, शेजारच्या खुर्चीवरची मैत्रीण
२. उपचार करणारे डॉक्टर

स्थळ : राहते घर
दिनांक : ९ नोव्हेंबर