तिने मारलेली गाठ

२० ऑक्टोबर ८८, गुरुवार. दसरा
सकाळी अण्णांनी चारही कमठे, आमची वेळूची धनुष्यं, पाटावर मांडले. हळदकुंकू, झेंडू. शेजारी मुद्दाम माझी सेकंड इयरची पुस्तकं. "शस्त्र आणि शास्त्र, दोन्ही पुजायचं. एकाला गंज चढला असला तरी." टोमणा. कॉलेज सोडून आठ महिने झाले तरी यांचं संपत नाही. सरांनी खडू फेकून मारला, मी डस्टर फेकला. एवढंच. माफी माग म्हणाले, नाही मागितली.

दुपारी अंबरनाथहून सायकली काढून चामटोली. कमठे दांडीला बांधलेले, रस्त्याने पोरं ओरडतात, "ओ रामचंद्र!" धर्माबाबांच्या घरामागच्या माळावर पेंढ्याचा भारा उभा केला, राखेने गोल काढला. बाबा फॅक्टरीत अण्णांच्या खात्यात हेल्पर होते, रिटायर झाल्यापासून वेळूचे कमठे करतात. आमचे चारही त्यांच्याच हातचे.

माझा मित्र विलास कॅम्प ४ वरून आला, बहिणीला घेऊन. शैला. तिचे सहा तीर, पाच गोलात. माझे दोन. आईने आयुष्यात पहिल्यांदा ओढला, डोळे मिटून, आणि नेमका मध्ये! अण्णांना म्हणाली, "बघा, यासाठी फॅक्टरीत तीस वर्षं काढावी लागत नाहीत." सगळे हसले. मीही. पुष्कळ दिवसांनी.

परतताना शै. मागे वळून म्हणाली, "दिनू, तू रागाने सोडतोस. म्हणून वर जातो." तीर म्हणायचं होतं तिला.

३० ऑक्टोबर, रवि.
आज ती मला जास्त आवडली. एवढं लिहून थांबावं. पण नाही.

तिच्या कमठ्याच्या दोरीचं टोक उसवत होतं. तिने पर्समधून लाल रेशीम काढलं, टोकाला गुंडाळलं, दोरी चढवून स्वतःच गाठ मारली. दातांनी आवळली. बाबा बघत होते. म्हणाले, "झ्याक. पन घरी गेल्याव सोडायची हां पोरी. दोरी चढवलेला कमठा निजत नाय. आन निजला नाय, का येक दिस मोडतो."

कमठे सगळे आमच्याकडेच असतात, विलासच्या दोन खोल्यांत जागा नाही. दोऱ्या उतरवायचं काम माझं. संध्याकाळी तीन उतरवले. तिचा हातात घेतला. गाठीवर दातांची खूण अजून होती. नाही सोडवली. तशीच खिडकीजवळच्या खुंटीला. पुढच्या रविवारी तिच्या हातात देईन, तिलाच सोडू दे.

१३ नोव्हेंबर, रवि.
दिवाळी गेली. ती मागच्या रविवारी नाही, आजही नाही. विलास एकटा. विचारलं तर म्हणे, "घरी पाहुणे येतायत." कसले पाहुणे? "दिन्या, तू येडा आहेस का? पोरगी बावीसची झाली."

माझे सगळे तीर भाऱ्याच्या वरून गेले. एक बाभळीत अडकला. बाबांनी काठीने काढून दिला.

खुंटीवर तिचा कमठा. दुपारचं ऊन खिडकीतून थेट त्याच्यावर येतं, वेळू पिवळाजर्द दिसतो. आई म्हणाली, "याची दोरी का रे तशी?" म्हटलं, बघतो.

२७ नोव्हेंबर, रवि.
ठरलं. डोंबिवलीचा आहे, बँकेत. जानेवारीच्या शेवटी मुहूर्त. विलासने पेढा दिला. मी तो खिशात टाकला, घरी येईपर्यंत चुरा.

बोलायला हवं होतं. काय बोलणार? मुलगा काय करतो? कॅम्प २ ला शेठकडे बॅगांना चेन बसवतो. शिक्षण? डस्टर.

२ डिसें.
शेठकडे आज अकरा बॅगांना चेन उलट्या बसवल्या. शेठ म्हणे, "अरे साईं, बॅग खुलनी भी चाहिए ना! दिमाग किधर है तेरा?" मी मशीनचा पाय इतक्या जोरात मारला की सुई तुटली. बोटात. शेठने स्वतः हळद लावली, वर बडबडही केली. त्यांचा राग येत नाही मला. बाकी सगळ्यांचा येतो.

११ डिसें., रवि.
क्रमाने लिहितो.

ती आली. लग्नाआधी शेवटचं म्हणून. डोंबिवलीकर बरोबर, पांढऱ्या बुटांत. माळावर बूट मळतील म्हणून बांधावरच उभा. म्हणाला, "रामलीलेत कामं मिळतील तुम्हाला." विलास हसला. तोसुद्धा! मी तोंड फिरवून भारा लावत बसलो.

शै. चा कमठा मी तिच्या हातात दिला. तिने दोरीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पहिला तीर अर्ध्यातच पडला. दुसराही. "आज जोरच नाही याच्यात," म्हणाली. तिसऱ्याला पूर्ण कानापर्यंत ओढला आणि फटाक्यासारखा आवाज. वरचा अर्धा भाग उलटून तिच्या डोळ्यावर. खाली बसली. बोटांतून रक्त.

विलास बाबांच्या अंगावर धावला. "किडका बांबू दिलात पोरीला!" मीही ओरडलो. मी सगळ्यांत जोरात ओरडलो. बाबांनी तुकडे उचलले, वाकलेला भाग बोटाने चाचपला, मग विचारलं, "याची दोरी उतरवत व्हते?"

सगळे माझ्याकडे.

"दर रविवारी," मी म्हणालो. "मी स्वतः."

बाबांनी मान हलवली. "मंग माजाच चुकला. चांदन्यात तोडला आसंल वेळू. कीड लागली आसंल आतून."

टेम्पोतून बदलापूर, दवाखाना. भुवईला टाके. डोळ्याचं पट्टी काढल्यावर कळेल. किडका बांबू. म्हातारा झाला बाबा, हाताला काही समजत नाही त्याच्या.

१२ डिसें.
काल मी इथंही खोटं लिहिलं. या वहीत, जी कोणी वाचत नाही.

मागची पानं उलटली. ३० ऑक्टो. माझंच अक्षर. "नाही सोडवली." सहा आठवडे ताणलेला, वर ऊन. कीड कुठली? काल गडबडीत एक तुकडा मी उचलून आणला, आतून स्वच्छ पांढरा.

टोकावर लाल गाठ अजून शाबूत. दोरी कापून गाठ काढून घेतली.

१५ डिसें.
डोंबिवलीहून निरोप. पट्टी निघेपर्यंत पत्रिका छापू नका. आईने बातमी आणली, डोळ्यांना पदर लावून.

मला क्षणभर बरं वाटलं. हे लिहून ठेवतो. उद्या नाही म्हणता येऊ नये.

१७ डिसें., शनि.
शेठकडून लवकर निघून कॅम्प ४ ला गेलो. विलास दारात होता, मला बघून चपला घालून निघून गेला. तिच्या आईने आत घेतलं. "बस रे बाबा, तू तरी आलास," म्हणून चहा ठेवायला गेली.

शै. खाटेवर. अर्धा चेहरा पट्टीत.

"दोरीला माझी गाठ होती, दिनू."

"हो."

"ऑक्टोबरातली?"

"हो."

आत भांडी वाजत होती.

"का नाही सोडवलीस?"

मी तिच्या हातांकडे बघितलं. तिला कळलं असावं, कारण तिने तोंड भिंतीकडे केलं. मग तिकडे बघतच म्हणाली, "सोडवली असतीस तर मी परत मारली असती की. त्यात काय होतं?"

त्यात काय होतं. काय होतं त्यात.

निघताना म्हणाली, "मी कुणाला बोलले नाही. बोलणारही नाही. पण त्या म्हाताऱ्याला कोण सांगणार?"

चहा तसाच राहिला.

१८ डिसें., रवि.
कोणी माळावर गेलं नाही. अण्णांनी उरलेले तीन कमठे काढले, म्हणाले बंबात घालतो. आई आडवी आली. "लाकडं संपली नाहीत अजून घरातली." अण्णांनी ते पोत्यात बांधून माळ्यावर टाकले.

त्यांना फॅक्टरीत चामटोलीचा कुणीतरी भेटला होता. धर्माबाबांनी वेळू तासायचा कोयता पुतण्याला देऊन टाकला. "या हातानं पोरीचा डोळा घेतला," म्हणतात. जेवत नाहीत नीट. अण्णा हे सांगताना माझ्याकडे बघत नव्हते. वरणभात कालवत होते. मी म्हटलं, "अण्णा..." त्यांनी वर बघितलं. मी म्हटलं, "मीठ."

२२ डिसें.
आज पट्टी काढायची होती. विलासकडे जायची हिंमत नाही. शेठच्या दुकानातून दोनदा उठलो, दोनदा बसलो. संध्याकाळी आई जाऊन आली. डोळा वाचलाय. पण नजर अंधुक आहे, डॉक्टर म्हणतात महिनाभर बघू. डोंबिवलीकर आलाच नव्हता, त्याचा मोठा भाऊ येऊन गेला.

या वेळी बरं वाटलं नाही. एवढंच.

२५ डिसें., रवि. चामटोली
सकाळी अण्णांना म्हटलं, चला, बाबांकडे. "कशाला आता?" तिथं सांगतो, म्हटलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, पेपर घडी घालून ठेवला, सायकलीत हवा मारली. वाटेत पोरं ओरडली नाहीत, दांडीला काही बांधलंच नव्हतं.

विलासच्या घरी काल चिठ्ठी टाकली होती, अकराला ये म्हणून. आलेला नाही.

बाबा घरी नाहीत. म्हातारी म्हणाली, "नदीव गेलंत. येतील." अण्णांना पाणी दिलं. मला पण दिलं, "पी पोरा" म्हणाली. मी प्यायलो. अण्णा ओट्याच्या त्या टोकाला, मी या टोकाला. कोपऱ्यात अर्धवट तासलेला वेळू भिंतीला टेकवलेला आहे, त्यावर कोंबडी बसते.

वही मुद्दाम आणलीय. ३० ऑक्टोबरचं पान वाचून दाखवायचं. आणि १२ डिसेंबरचं. नुसतं तोंडाने सांगायला गेलो तर मी पुन्हा दुसरंच काहीतरी सांगेन, माझा भरवसा नाही. वाचलं की मागची-पुढचीही कुणी वाचेल. वाचू दे. शै. चं नाव आहे त्यात. ते मात्र

अण्णा विचारतायत, "काय लिहितोयस?" म्हटलं, दाखवतो.

गाठ खिशात आहे. अजून सोडवलेली नाही.

बांधावरून कुणीतरी येतंय. वाकून चालतायत. बाबाच.