नागव्वाचा राजा

बुध. ४ फेब्रु.
आली! मैंदर्गीच्या नाटकमंडळीची ट्रंक एकदाची आपल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात आली. मंडळी बंद पडून जमाना झाला. चालकांचे पुतणे सिद्धाराम स्वतः जीपमधून घेऊन आले. गाण्यांची वही (अक्षरं मराठी, अर्धी गाणी कन्नड!), फोटो, सात कॅसेटी. डिजिटल प्रदर्शन २७ ला, मराठी भाषा गौरव दिनी. ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "एवढ्यात होईल?" होईल म्हणून बसले. डबा खायचा राहिला, चारला आठवलं.

शुक्र. ६
कॅसेटींना बुरशी. टेप दुरुस्त करणारे इरफानभाई शोधून काढले. मी एक उघडायला गेले तर ओरडले, "इसकू हात नक्को लगाव मॅडम, मैं देखतूं." दोन तास कापसानं पुसत होते. चौथी कॅसेट लागली. राजाचा संवाद, खर्जातला, दरडावणारा. मग राजा गायला लागला आणि... बाई! इरफानभाईंचा हात थांबला. "राजा तो औरत है!" अंगावर काटा. अजून आहे.

सोम. ९
फोटो क्र. ३१. फेटा, मिशी, कमरेला तलवार. मागे पेन्सिलीनं: नागव्वा, राजा. ज्या मंडळीत राणीचा पार्टसुद्धा पुरुष करायचे, तिथं बाई राजा! सिद्धारामना फोन. "व्हय की. नागव्वा मावशी दुधनीला हायत. जावा तुमी."
हायत!! खुर्चीतून उठलेच.

बुध. ११
दुधनी. दारात सत्तरीची उंच बाई. "बर्री, कुंड्री," (या, बसा) म्हणत सतरंजी टाकली. मोबाइलवर उतरवून घेतलेली कॅसेट लावली. डोळे मिटून ऐकलं. मला वाटलं रडतील. तर म्हणाल्या, "दुसऱ्या कडव्याला चुकली बघ मी. हे न्हाई दाखवायचं. परत म्हणते."
परत म्हणते!
नाटक का सोडलं विचारलं. "मल्लू पोटात व्हता. तलवारीचा पट्टा बसंना."
तेवढ्यात तोच मल्लू, म्हणजे मुलगा मल्लिनाथ, शाळेतून आला. शिक्षक आहेत. चहा पाजला, पण उभ्यानंच बोलले, "मॅडम, हा विषय आमच्या घरात नाही. नाटकवालीचा पोरगा म्हणून लई ऐकून घेतलंय मी. आता माझ्या पोरी कॉलेजला आहेत."
नागव्वांनी सतरंजीची घडी घातली. मी निघाले. मल्लिनाथांचंही खरंच आहे.

गुरु. १२
मॅडम स्पष्ट बोलल्या: कलाकार हयात असेल तर लेखी संमती हवी, नाहीतर आवाज नाही, फोटोही नाही. बरोबरच आहे. बाकीची पानं करतेय. वही स्कॅन झाली, सुंदर आलीय. पण राजाशिवाय दरबार कसला.

मंगळ. १७
काय दिवस!! अकरा वाजता गेटवरून फोन, "कोणी नागव्वा म्हणून आल्यात." एकट्या. एसटीनं. कडक इस्त्रीचं इरकल. "कुटं म्हणायचं?"
वाचनकक्षाशेजारची खोली रिकामी केली, पंखा बंद, इरफानभाईंना बोलावलं. गळा थरथरतोय, वरचा सूर लागत नाही. तीनदा थांबल्या. चौथ्यांदा उभ्या राहिल्या, पदर खोचला, हात कमरेला. आणि तो संवाद! खिडकीबाहेर एमएची सगळी मुलं गोळा झालेली. दुसरं कडवं न चुकता. मी रेकॉर्डिंग बंद करायचं विसरले, त्यामुळे टाळ्याही त्यात आल्यात.
संमतीचा कागद पुढं केला. पेन हातात घेतलं, परत ठेवलं. "मल्लूला ठावं न्हाई मी हितं आली ते. त्याला सांगते, मग सही."
"नाही म्हणाले तर?"
"तर मी गाणं म्हणलं, एवढं तरी झालं की."

मंगळ. २४
फोन नाही. मी करायचा नाही असं ठरवलंय. त्यांचं पान तयार आहे, बंद ठेवलंय. इरफानभाई रोज विचारतात, "राजा का क्या हुआ?"

गुरु. २६
उद्या उद्घाटन. बाकी सगळं चालू, बटणं, चित्रं, कन्नड गाण्यांचा अर्थसुद्धा. दुपारी चारला अनोळखी नंबर. मल्लिनाथ. आवाज ऐकून मी घाबरलेच.
मागे शाळेची घंटा वाजत होती. मग, "आई सांगत होती. तुमच्याकडं म्हटलं म्हणे तिनं."
"हो."
"मी कधी ऐकलंच नाही तिला. घरात अंगाईसुद्धा नाही म्हटली." घंटा थांबली. "मला पाठवता? आधी ऐकतो. मग बोलू."
कॅसेटमधलं जुनं गाणं आणि नवं, दोन्ही पाठवलं. निळ्या खुणा लगेच आल्या. दोन्ही मिळून सव्वीस मिनिटं.
पाऊण तास झाला. फोन टेबलावर उताणा ठेवलाय. परत ऐकत असतील. नक्की परत ऐकत असतील.