खुंटी न ठोकायचा कोपरा

४ फेब्रुवारी

पोचलो एकदाचे! भांडीकुंडी कमी आणि चिंगीच्या बाहुल्या जास्त, असा आमचा संसार टेम्पोतून उतरला. घर ऑफिसनेच दिलंय, अगदी चौकाच्या कोपऱ्यावर. दोन खोल्या, पुढे अंगण, फाटक, आणि फाटकाबाहेर तोच रस्ता, ज्याच्या रुंदीकरणाचं काम माझ्या गळ्यात पडणार आहे. खिडकीतून स्वतःचं काम दिसणार, म्हणजे सुट्टीलाही सुटका नाही. आईने आल्याआल्या स्वयंपाकघराचा ताबा घेतला आणि ओटा कुणा बुटक्या बाईसाठी बांधलाय असा निकाल दिला. नवरोबा बदली होईपर्यंत तिकडेच. माझी लेक चिंगी पाच वर्षांची, तिने अंगण पाहिलं आणि बाहुल्या विसरली. फार दिवसांनी इतकं हलकं वाटतंय.

६ फेब्रुवारी

साहेब कमी बोलतात, चहा जास्त पितात. पहिलं काम मिळालं ते आमच्याच कोपऱ्याचं: वळणावरचा कर्ब, म्हणजे रस्ता आणि फुटपाथ यांच्यामधली सिमेंटची कड. सरळ भागात ती कॉम्प्युटरवर झकास दिसते, वळणावर मात्र पार विचका. सॉफ्टवेअर लहान लहान त्रिकोण जोडून पृष्ठभाग बनवतं. वळणावर बिंदू लांब लांब असले की त्रिकोण आडवेतिडवे घुसतात आणि कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते. हे दुखणं मला तोंडपाठ आहे. बिंदू जवळ जवळ घेतले, कर्बची वरची आणि खालची रेघ पक्की केली, आणि वळण गुळगुळीत झालं.

पण कडेच्या आत, फुटपाथवर, एक खड्डा उरला. वळणाच्या मध्यावर, म्हणजे ते वळण काढायला कंपासचं टोक जिथे टेकवावं, नेमका तिथे. साहेबांना दाखवला. ते म्हणाले, तो राहू द्या, त्या कोपऱ्याचा नकाशा तसाच जातो, मिस्त्री जागेवर बघून घेतो. मी मनात म्हटलं, वा रे कारभार.

९ फेब्रुवारी

खड्डा काही केल्या हटेना. त्रिकोण पुसले, पुन्हा आले. मोजणीचे बिंदू तपासले, तिथे कुणी मोजणी केलेलीच नाही. शेवटी मी हट्टाला पेटले आणि वळणाची त्रिज्या वाढवली. वळण मोठं झालं, त्याचा मध्य मागे सरकून आमच्या अंगणात गेला, आणि फुटपाथवरचा खड्डा गायब! नकाशा फाटकापर्यंतच असल्यामुळे अंगणाचं काय ते दिसत नाही, आणि त्याची गरजही नाही. साहेब घरी गेल्यावर फाईल पुढे पाठवली. आज स्वतःवर खूश आहे.

१३ फेब्रुवारी

कर्बचं काम सुरू झालं. वळण आखायला मध्यावर खुंटी ठोकतात, तिला दोरी बांधतात आणि दोरी फिरवत कड आखत जातात. मिस्त्रीने खुंटी ठोकायला साफ नकार दिला. म्हणाला, बाई, ह्या कोपऱ्याला आम्ही नजरेनेच वळवतो. कारण विचारलं तर दोरी गुंडाळायला लागला. मला कसला राग आला! त्याच्या हातातली हातोडी घेतली आणि माझ्याच अंगणात माझ्याच हाताने खुंटी ठोकली. चिंगीने टाळ्या वाजवल्या. दोन घावांतच खुंटी आत गेली. माती भुसभुशीत असावी.

१५ फेब्रुवारी

खुंटी सापडत नाही. तिच्या जागी जमीन थोडी बसली आहे, बशीएवढी. चिंगी त्या जागेभोवती गोल गोल फिरत असते, पण त्यात पाय टाकत नाही. आईने विचारलं तर म्हणाली, खाली एक जण आहे, तो काही करत नाही, नुसता हात मागतो. आई तिला रागावली. मी हसले. नको होतं हसायला.

१७ फेब्रुवारी

फाईलमधली त्रिज्या मी ठेवली होती त्यापेक्षा मोठी आहे. साहेबांना विचारलं, त्यांनी हात लावलेला नाही. बाहेर मिस्त्रीने बांधलेला कर्ब मात्र त्या वाढलेल्या आकड्याशी तंतोतंत जुळतो. तो म्हणे, तुमच्या खुंटीवरून आखलं तसंच बांधलंय.

टेपने मोजून पाहिलं. वळणाचा मध्य आता अंगणात नाही. आमच्या पायरीवर आहे. पायरीची फरशी काल चांगली होती, आज मधोमध दबली आहे.

अंगणातली जागा भरून आली आहे, जणू तिथे कधी काही नव्हतंच.

१९ फेब्रुवारी

पुढची खोली. दारापासून दुसरी फरशी पोकळ वाजते. त्रिज्या पुन्हा वाढली आहे.

साहेबांना सगळं सांगितलं. वाटलं, वेड्यात काढतील. त्यांनी एवढंच विचारलं, की खुंटी कोणी ठोकली. मी म्हटलं, मी. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहायचंच टाळलं.

मला भीती वाटते. लिहूनच टाकते, मला खूप भीती वाटते.

२० फेब्रुवारी

मध्य चिंगीच्या पलंगाखाली आला आहे.

सामान बांधलं, टॅक्सी बोलावली. चिंगी पलंगापासून हलेना. ओढली तर किंचाळली, खांदा निखळत असल्यासारखी. तिच्या उजव्या हाताला पलीकडून ओढ होती. आईनेही पाहिलं. त्या हाताची बोटं मिटलेली होती, कुणाची तरी बोटं धरावीत तशी.

मग सुचलं. त्रिज्या वाढवली तर ते आत आलं. कमी केली तर बाहेर जाईल. साधा हिशोब आहे. उद्या ऑफिसात सकाळीच—

२१ फेब्रुवारी

कमी केली. थोडी. लगेच आईचा फोन. चिंगी झोपेतच उठून चालायला लागली होती, उजवा हात पुढे, दाराकडे. मी थांबले, ती थांबली. आकडा वाढवला. ती परत पलंगावर.

ते बाहेर जातं. पण तिला घेऊन जातं.

आणि ठेवलं तर—

२२ फेब्रुवारी, दुपार

फाईल घरी आणली. लॅपटॉप समोर उघडा आहे. मी हात लावलेला नाही. आकडा आपोआप कमी होतो आहे.

चिंगीचा डावा हात माझ्या हातात. ती जागी आहे. हसते आहे. आईने दाराला पाठ लावली होती, दार उघडलंच.

माझ्यानंतर ऑफिसात माझ्या खुर्चीवर बसणाऱ्यासाठी लिहिते आहे. खड्डा तसाच ठेव. वळण कितीही वाकडं दिसो. मिस्त्रीला बघून घेऊ दे. खुंटी ठोकू नकोस, कुणालाही ठोकू—

उंबरा.

आई मागून माझी साडी धरून आहे. रडते आहे.

पायरी. वही गुडघ्यावर. बाहेर नवा कर्ब दिसतो. किती सुरेख वळलाय.

अंगण. मी सोडणार नाही. तिचा एक हात माझा आहे, मी सोडणार नाही. चिंगी सांगते आहे, आई, आता तो म्हणतोय की तूही तुझा दुसरा हात—