रिकाम्या जागेत कोण उभं राहणार

बाई, आज शाळेतून घरी आले आणि चहा टाकायच्याही आधी तुमची आठवण झाली. गेले काही दिवस जिवाला एक घोर लागला होता, तो आज संपला. कुणाला सांगावं म्हटलं तर तुमच्याशिवाय दुसरं कोणी सुचेना, आणि तुम्हाला जाऊन तर किती वर्षं झाली.

माझा पाचवीतला निबंध तुम्हाला आठवत असेल का? आम्ही नुकतेच गिरगाव सोडून भाईंदरला आलो होतो आणि नव्या वर्गावर छाप पाडायची म्हणून मी समानार्थी शब्द घोकले होते. 'माझी आई' या निबंधात आईला नेत्र दिले, कर दिले, नळावर उदक भरायला लावलं. तुम्ही तो वर्गात वाचून दाखवला नाहीत. मधल्या सुट्टीत जवळ बोलावून विचारलंत, "काय गं, तुझी आई कामावरून आली की 'माझे कर दुखतायत' म्हणते?" मी म्हटलं, नाही, 'हात गळून गेले' म्हणते. "मग हे कोणाच्या आईबद्दल लिहिलंयस?" मला रडूच फुटलं. तुम्ही समजूत काढली नाहीत. आपल्या डब्यातली अर्धी पोळी माझ्या हातावर ठेवलीत आणि म्हणालात, "खा आधी. रिकाम्या पोटी रडू नये."

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हालाच शब्द केलंत. मुलं ओळीनं उभी, प्रत्येक जण वाक्यातला एकेक शब्द, आणि मधली एक जागा रिकामी. एकाच अर्थाचे शब्द झालेली बाकीची मुलं आळीपाळीनं तिथे जाऊन उभी राहतायत, पूर्ण वाक्य म्हटलं जातंय, आणि सगळा वर्ग ओरडतोय, "बसला!" नाहीतर "नाही बसला!" तुम्ही खिडकीशी उभ्या, पदर खोचलेला, निकाल आमच्यावर सोडून दिलेला.

आता भाईंदरच्याच केबिन रोडच्या मागच्या गल्लीतल्या शाळेत मी पाचवी-सहावीला मराठी शिकवते. मला मुलं टीचर म्हणतात. गाईडातले शब्द तीही पाठ करून येतात. परवा एकानं लिहिलं, 'आमच्या सोसायटीत रोज टँकरने सलिल येते.' स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरून हसलो, आणि हसता हसता मला माझ्या आईचे ते कर आठवले.

दिवाळीनंतर समुद्राकडच्या डोंगरी गावाहून एक मुलगी वर्गात आली. वडील इकडे रिक्षा चालवायला लागले म्हणून सगळं घरच भाईंदरला आलं. पहिल्या आठवड्यात मी वही मागितली तर म्हणाली, "न्हाय आनली." मागच्या बाकावरून एकानं "न्हाय, न्हाय" अशी नक्कल केली, वर्ग हसला, आणि तिनं तोंड मिटलं ते मिटलंच. मी रागावले, त्याला माफी मागायला लावली, तिची जागा बदलली. काही उपयोग झाला नाही. मग मागच्या आठवड्यात तिची आई फाटकाशी थांबली. "टीचर, ही वर्गान बोलत न्हाय, आता घरान पन बोलत न्हाय. डोंगरीला मावशीकडं ठेवते, तिथल्या शाळेत तरी बोलंल." मी म्हटलं, मला थोडे दिवस द्या. ती म्हणाली, "दिवस घ्या वो, पन पोर सुकत चाललीय माझी." तेव्हापासून मला घास गोड लागत नव्हता.

आज मी तुमचा खेळ मांडला. वाक्य होतं, 'टँकर आलाय, लवकर बादली आण.' 'लवकर'ला बाजूला काढलं आणि सांगितलं की पुस्तकातला शब्द चालेल, घरी म्हणता तोही चालेल. 'त्वरित' उभा राहिला. "नाही बसला! बँकेतल्या बोर्डासारखा वाटतोय!" 'शीघ्र' आला तर एक मुलगी म्हणाली, "टीचर, हा येईपर्यंत टँकर जाईल ना." 'पटकन' बसला. एक गुजराती मुलगा हात वर करून विचारतो, "माझी मम्मी 'जल्दी' बोलते, मी जाऊ?" गेला, तोही बसला. मग बाक सरकल्याचा आवाज झाला, आणि जो आवाज मी इतके दिवस ऐकला नव्हता तो एका दमात म्हणाला, "टँकर आयला, बेगीन बादली आन!"

आणि मग, बाई, नक्कल करणारा तोच मुलगा ओरडला, "ए, हिचा तर पळतच आला!" आणि सगळे एकदम, "बसला!" तिला ते वाक्य पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं त्यांनी. शाळा सुटली तेव्हा जिन्यावरून पोरं एकमेकांना ढकलत होती, "बेगीन उतर, बेगीन!" फाटकाशी ती आईला काहीतरी सांगतेय, श्वास न घेता, आणि आई तिच्या डोक्यावरून माझ्याकडे बघतेय. "टीचर, आता हिला गप कशी करू वो?" मी डोंगरीचं विचारलं. "न्हाय नेत. ऱ्हाऊ दे हितंच."

हे पत्र कुठे टाकायचं, ते मला ठाऊक नाही. लिहिलं म्हणून बरं वाटलं, इतकंच. आणि एक खरं सांगते. तुम्ही असतात तर खिडकीशी शांत उभ्या राहिला असतात. मला ते जमलं नाही. ती जागेवरून उठलेली दिसली आणि मी पाठ फिरवली. मुलं हसली असती तर तिचा चेहरा मला बघवला नसता. ती बोलली तेव्हा मी डस्टर घेऊन आधीच पुसलेला फळा पुसत होते.