तांबडी गाभण राहिली तेव्हा

आई,

तू तांबडीच्या पुठ्ठ्याच्या हाडावर ओलं फडकं वाळत टाकलंस तो दिवस आठवला, की मला अजून एकटीला हसू फुटतं. मी नुकतीच गुरांची डॉक्टर होऊन किहीमजवळच्या दवाखान्यात रुजू झाले होते, तिथेच राहायचे आणि सुटीला घरी यायचे. अंगात कोरा पांढरा कोट आणि डोक्यात पुस्तकं. आपली गावठी तांबडी दोन वर्षं व्याली नव्हती, माजावरच येत नव्हती. बाबांनी सांगून टाकलं होतं, दिवाळीपर्यंत बघू, न्हाय तर गाय बाजारात. तू त्या दिवशी जेवली नाहीस. बाजारात गेलेली भाकड गाय परत येत नाही, हे तुला माहीत होतं आणि मलाही.

मी म्हटलं, काळजी कशाला, मी आहे ना! मग काय विचारतेस, जंताचं औषध झालं, ताकदीची सुई झाली, माजावर आणायची सुई झाली. तांबडी ढिम्म. मी पुन्हा सिरिंज भरायला लागले तशी तू चुलीपुढून उठून आलीस, हातातलं फडकं तिच्या वर आलेल्या हाडावर टाकलंस आणि म्हणालीस, "ही बघ खुंटी. दिसते का न्हाय? अगं, उपाशी बाईची नुसती वटी भरून पोर होते का? आधी तिच्या प्वाटात घाल कायतरी." मला असा राग आला! पाच वर्षं कॉलेजात घासलेली मी, आणि चौथी शिकलेली बाई मला सांगणार. "आई, हे शास्त्र आहे," मी म्हटलं. "व्हय, तुझं शास्त्र जेवलं असंल. गाय न्हाय जेवली." मी फणकारून दवाखान्यात निघून गेले.

खरं तर तांबडी जगत होती तशीच गावातली सगळी गुरं जगत होती. भात कापलं की मोकळी सोडायची, वाळल्या बांधांवर मिळेल ते खायचं, संध्याकाळी पेंढ्याची एक पेंडी. तू मात्र त्या उन्हाळ्यात सगळं बदललंस. दुपारची तिला सावलीत बांधायचीस. ज्या नारळाच्या वाडीत कामाला जायचीस, तिथल्या पाटाकडचं हिरवं गवत डोक्यावरून आणायचीस, घाण्यावरून खोबऱ्याची पेंड आणायचीस. चुलीवर दोन टोप चढायचे, एकात आपली पेज आणि दुसऱ्यात कोंडा घातलेली तांबडीची. बाबा म्हणायचे, "तिच्यात शितं जास्त हायत." आणि दर रविवारी तू तिच्या अंगावरून हात फिरवून ओरडायचीस, "आज चारच बरगड्या लागल्या गं!" मी वर्तमानपत्रातून डोकं काढायचे नाही.

गणपती विसर्जन झालं आणि दुसऱ्या दिवशी तू पहिल्या एसटीने दवाखान्यात हजर. पायात चप्पल नाही, केसांना फणी नाही. रांगेतल्या सगळ्या माणसांसमोर ओरडलीस, "माजावं आली! पहाटेपासून हंबरते हाय!" मी लाजले, पण रेतनाचं सामान घेऊन पळत आले.

वसुबारसेची सकाळ. बाबा पडवीत दावं हातात घेऊन बसलेत. तू तांबडीचं शेपूट धरून उभी आहेस. माझा हात खांद्यापर्यंत आत आहे आणि मला घाम फुटलाय. "हाय का? बोल ना, हाय का?" बोटांना तो मऊ फुगवटा लागतो. मी पुन्हा चाचपते, खात्री करते आणि नुसती मान हलवते. तू शेपूट सोडून टाळ्या पिटायला लागतेस, शेपटीचा शेणकट फटका माझ्या तोंडावर बसतो, आणि आपण दोघी इतक्या हसतो की तांबडी वळून बघते. बाबा उठतात, दावं खुंटाला बांधून ठेवतात आणि म्हणतात, "च्या टाका." इतका आनंद मला नंतर कुठल्या बढतीनेही दिला नाही.

मग तू गावभर सांगत सुटलीस, "माझ्या पोरीच्या सुईचा गुण." तीन गावांतून लोक गाई घेऊन माझ्याकडे यायला लागले. माझं नाव झालं. पेंड-पेजेबद्दल तू कुणाजवळ चकार शब्द काढला नाहीस. आणि मी? मला त्या सकाळीच कळलं होतं. हात बाहेर काढून मी तिच्या पाठीवर टेकवला तेव्हा हाड कुठं लागलंच नव्हतं.

तुला जाऊन अठरा वर्षं झाली. आता मी साहेब आहे, शिबिरं घेते. बायकांना सुई दाखवत नाही, गाईच्या बरगड्यांवर हात ठेवायला लावते. आधी वैरण, मग मी, असं सांगते. गेल्या आठवड्यात मुरुडकडच्या एका वाडीत एका पोरीच्या हातांना ते लगेच कळलं. "मॅडम, हिला खायलाच कमी पडतंय!" म्हणाली. मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. मग तिने विचारलं, "तुम्हाला हे कोणी शिकवलं?"

हे पत्र तुला पोचायचं नाही, म्हणूनच लिहायचं धाडस झालं. मी तिला म्हटलं, "कॉलेजात."